इंग्रजीतला आग्रह

माझ्या आईला लोकांनी आजवर नाना विशेषणं लावली आहेत. तापट, हट्टी, तोंडाळ. एका चुलत सासूबाईंनी तर भर हळदीकुंकवात तोंडावर 'आगाऊ' म्हटलं होतं आणि आईने घरी येऊन ते बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं होतं. पण ती कमी बोलते, असं मात्र कोणी कधी म्हटलं नव्हतं. दूध आलं का, एवढं विचारलं तर आई 'आलं' म्हणून थांबत नाही. "आलं की, पर आज उशिरा आलं, त्याची म्हस कालपासनं चारा खाईना, मी म्हनलं डाक्टरला दाव," असं सुरू होतं आणि चहा उतू गेला तरी दूध घरात आलेलं नसतं. कोरेगावच्या बाजारात भेंडी आणायला गेली तर भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं हे कळल्याशिवाय तिला भेंडी घेतल्यासारखी वाटत नाही.

अशा बाईला आमच्या विहीणबाई 'कमी बोलणाऱ्या' म्हणाल्या.

धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी सांगलीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीचे इंग्रजीचे पेपर तपासत होते. "ताई, हसू नको हं," अशी सुरुवात करून तो म्हणाला, "हिच्या आईला वाटतंय, आपली आई या लग्नावर नाराज आहे. फार मोजकं बोलते म्हणे, आणि कडक बोलते. घरात पोरीशी तरी बोलते का, असं त्यांनी हिला विचारलं."

मी इतकी हसले की समोर बसलेल्या चित्रकलेच्या सरांनी पेपरात काय सापडलं म्हणून मान लांब करून पाहिलं.

माझी भावजय केरळची. पुण्यात एका हॉस्पिटलात नर्स आहे. भावाचं तिच्याशी जमलं तेव्हा भावकीत कुरकुर झाली होती आणि ती एकट्या आईने मोडून काढली होती. "पोरगी नर्स हाय. उद्या तुमची कंबर धरली की तिलाच हाक मारशिला," असं तिने एकेकाला गाठून सुनावलं होतं. म्हणजे ज्या लग्नासाठी ती अख्ख्या भावकीशी भांडली, त्याच लग्नावर ती नाराज असल्याचं तिकडे केरळात ठरलं होतं.

हा घोळ कशामुळे झाला ते माझ्या लगेच लक्षात आलं. घोळाचं मूळ आमचे वडील.

वडील लष्करात सिग्नलमध्ये होते. आयुष्यभर वायरलेसवर बोलले. कमीत कमी शब्दांत निरोप द्यायचा आणि 'ओव्हर' म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय त्यांच्या हाडात गेलेली. निवृत्त होऊन घरी आल्यावरसुद्धा ते "चहा. ओव्हर," असं म्हणायचे आणि आई चिडली की फक्त 'ओव्हर' तेवढं गाळायचे. लग्नानंतर गावी पूजा घातली, तेव्हा विहीणबाई आणि व्याही एका दिवसासाठी आले होते. विहीणबाईंना हिंदी अजिबात येत नाही, मराठीचा प्रश्नच नाही. मल्याळम आणि शाळेत शिकलेलं थोडंसं इंग्रजी, एवढंच त्यांच्याकडे. आई दहावीपर्यंत शिकलेली. तिला इंग्रजी शब्द पुष्कळ माहीत, पण ते एकापुढे एक ठेवून बोलायची वेळ कधी आली नव्हती. तिने आदल्या दिवशी वडिलांना विचारलं, काय बोलायचं? वडिलांनी तीन शब्द दिले. कम. सिट. ईट. निघताना म्हणायला चौथा, गो.

आईने ते चारही शब्द चुकू नयेत म्हणून दात आवळून, ताठ मानेनं वापरले. मी तिथेच होते आणि पाहुण्यांच्या गडबडीत माझ्या लक्षातही आलं नाही. आता आठवलं तर हसूही येतं आणि रागही. केरळातून एवढ्या लांब आलेल्या बाईला मुलीच्या सासूने दारात 'कम' म्हटलं, बसवून 'ईट' म्हटलं आणि संध्याकाळी 'गो' म्हणून वाटेला लावलं.

त्या शनिवारी मी सांगलीहून पॅसेंजरने कोरेगावला उतरले आणि गावी जाऊन आईला हे सांगितलं. तीही हसेल असं मला वाटलं होतं. ती पीठ मळत होती. हात परातीतच थांबले.

"मी? मी कमी बोलती?"

"अगं, इंग्रजीत म्हणून..."

"तिची लेक माझ्या घरात हाय," आई म्हणाली. आवाज खाली आला होता. "आन् तिला वाटतंय, सासू रागानं गप बसती. त्या बाईला रातीची झोप लागत आसंल का गं?"

मग मलाही हसू आवरतं घ्यावं लागलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात पिठाचे असल्यामुळे ते तिला पुसताही येईना. मी तिच्याच पदराने पुसलं, तर त्यावरूनही ओरडली, कारण पदर धुतलेला होता.

मी म्हटलं, यात काय एवढं? सूनबाईच सांगेल की तिच्या आईला, की सासू चांगली आहे. आईने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "सासरची मान्सं चांगली हायती, आसं कुठली लेक आईला सांगत न्हाई? मी बी माझ्या आईला सांगायची. माझी आई मानायची व्हय?" हे मला पटलं. मधे दुभाषी नको, विहीणबाईंना आईच्याच तोंडून ऐकू यायला हवं, हे ठरलं. भावजयीला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला विहीणबाई येणार आणि लेकीला बाळंतपणाला माहेरी घेऊन जाणार होत्या. तोपर्यंत आईला इंग्रजीत आई व्हायचं होतं.

"तू हितल्या तिथल्या पोरांस्नी शिकवतीस," आई म्हणाली. "मला शिकीव."

आता माझ्या शिकवण्याबद्दल सांगायला हवं. साध्या वाक्याचा विस्तार हा धडा मी दरवर्षी नववीला घेते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. फळ्यावर 'द बॉय रन्स' लिहायचं. शेजारी प्रश्न लिहायचे: कसला मुलगा, कसा पळतो, कुठे, कधी, कशासाठी. एकेका प्रश्नाचं उत्तर वाक्यात नेमक्या जागी बसवत गेलं की वाक्य वाढतं. इतकं सोपं. आणि वर्ग मला दरवर्षी एकच उत्तर देतो: 'द गुड बॉय रन्स फास्ट ऑन द ग्राउंड एव्हरी डे.' हा गुड बॉय वर्षानुवर्षं त्याच ग्राउंडवर पळतो आहे. मला त्याचा मनापासून राग येतो. एकदा तरी कोणी त्याला पाडावं, कुत्रं मागे लावावं, पण नाही. गाइडात तो तसाच पळतो, म्हणून वहीतही तसाच.

आईपुढे मी तेच वाक्य ठेवलं. सुगीचे दिवस होते, पडवीत वाळक्या घेवड्याचा ढीग पडला होता आणि आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो.

"द बॉय रन्स. मुलगा पळतो," मी म्हटलं.

"कुनाचा?"

"कुणाचा नाही, असाच एक मुलगा."

"आसाच कसा पळंल? कुनाच्या तरी रानातला ऊस मोडला आसंल. न्हाईतर आईनं हाक मारली आसंल. अनवानी हाय का पायात काय हाय?"

मी शेंग हातात धरून बसले. फळ्यावर मी जे प्रश्न लिहिते ते सगळे आईने एका दमात विचारले होते, वर दोन जास्तीचे. म्हणून मी तो मुलगा सोडून दिला आणि वडिलांनी दिलेल्या तीन शब्दांवर आले. म्हटलं, 'सिट' घे. आधी 'प्लीज सिट' कर. आता कुठे बसायचं ते सांग. 'प्लीज सिट हिअर.' आणखी नेमकं सांग. 'प्लीज सिट हिअर अंडर द फॅन.' आता का बसायचं ते सांग. 'प्लीज सिट हिअर अंडर द फॅन, बिकॉज यू आर टायर्ड.'

आई एकेक पायरी पुटपुटत गेली आणि शेवटी तिने मांडीवरच्या शेंगा खाली टाकल्या.

"आगं, म्हंजी ह्यो आग्रहच की! एकदा बसा म्हनायचं. मग हितं बसा, वारं लागतंय. मग आवं बसा की, लांबनं आलाय. एवढंच व्हय तुमचं इंग्रजी?"

मी म्हटलं, एवढंच.

पण शिकवणी सोपी गेली असं कोणी समजू नये. आईला वाक्य वाढवता यायचं, थांबवता येत नव्हतं. शिवाय क्रियापद ती मराठीच्या वळणाने शेवटी नेऊन ठेवायची. 'आय फॉर यू इन द मॉर्निंग फ्रेश बटरमिल्क...' असं म्हणत ती गावभर हिंडून यायची आणि 'मेड' येईपर्यंत मी रडकुंडीला यायचे. "क्रियापद पुढं घे!" मी ओरडायचे. "आदीच सगळं सांगून टाकल्यावर म्होरं ऐकंल कोन?" ती ओरडायची. पडवीत आमची इतकी भांडणं व्हायची की शेजारची बाई एकदा वाटणीचं काही निघालंय का बघायला आली. वडील बाजेवरून सांगायचे, "इतकं लांब बोलशील तर समोरच्याची बॅटरी संपंल." आई म्हणायची, "तुमी गप बसा. तुमच्या इंग्रजीनंच ही येळ आनली."

आठवडाभर मी सांगलीत असायचे, तेव्हा आई मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. एकदा मधल्या सुट्टीत चुकून तो स्टाफरूममध्ये मोठ्याने लागला. "माय सन, व्हेन ही वॉज स्मॉल, ही वॉज ईटिंग मड बिहाइंड द हाउस एव्हरी आफ्टरनून अँड आय वॉज बीटिंग हिम," असं आईच्या खणखणीत आवाजात सगळ्यांनी ऐकलं. गणिताच्या बाई म्हणाल्या, या कोण आहेत, यांना आपल्याकडे घ्या. मी लाजले असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. माती खाणाऱ्या त्या पोरासमोर माझा गुड बॉय अगदीच मिळमिळीत होता. मी त्या आठवड्यात वर्गात जाऊन फळा पुसला आणि मुलांना म्हटलं, तुमच्या घरातल्या कोणाबद्दल तरी लिहा, नाहीतर मार्क देणार नाही. एका मुलीने तिच्या आजीच्या तपकिरीवर लिहिलं आणि मी तिला शेरा म्हणून नुसतं 'वा' लिहिलं.

आईने मला केरळची गोष्टही याच दिवसांत सांगितली. लग्न तिकडे केरळातच झालं, तेव्हा ती केळीच्या पानावर जेवायला बसली होती, वाढपी भात घेऊन आला आणि आईने रीतीप्रमाणे 'नो' म्हटलं. आमच्याकडे पहिल्या नकाराला कोणी नकार धरत नाही. नको म्हणायचं, मग समोरच्याने आग्रह करायचा, मग थोडं म्हणून घ्यायचं. वाढपी बिचारा पुढच्या पानाकडे गेला. त्याला शेकडो पानं वाढायची होती. शेजारी विहीणबाई होत्या, त्या एकदाच 'ईट' म्हणाल्या आणि गप्प बसल्या. आई वाट पाहत राहिली आणि नुसत्या पायसमवर, म्हणजे तिकडच्या खिरीवर उठली. परतीच्या गाडीत तिने घरून नेलेला चिवडा संपवला. "मला वाटलं, लय शिष्ट बाई हाय," आई म्हणाली. "आता कळतंय. तिच्याकडं बी एकच शब्द आसंल."

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी विहीणबाई आणि व्याही रेल्वेने मिरजेला उतरले. भाऊ आणि भावजय पुण्याहून परस्पर गावी पोचले होते, म्हणून आणायला मी गेले होते. विहीणबाई लहानखुऱ्या, सोनेरी काठाची फिकी साडी, हातात केळ्याच्या वेफर्सच्या पिशव्या. व्याही उंच आणि हसतमुख, पण बोलायच्या बाबतीत आमच्या वडिलांचे भाऊ शोभतील असे. गाडीत विहीणबाई खिडकीबाहेरचा ऊस बघत बसल्या होत्या. कराड मागे पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "मदर... गुड मूड?"

मी म्हटलं, "व्हेरी गुड मूड. शी इज वेटिंग फॉर यू." त्यांनी मान हलवली, पण पिशवीचे बंद हातात घट्ट धरले होते. माझ्या आईला कोणी घाबरतंय, हे मला सहन होईना. एरवी ऊठसूट राग येणारी मी, पण त्या बाईंचा राग आला नाही. वाईट वाटलं.

दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने तो पाहुण्यांवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि तोंड उघडलं. स्वागताचं वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की ते मलाही पाठ झालं होतं. 'वेलकम टू अवर हाउस, वी आर व्हेरी हॅपी टुडे बिकॉज यू हॅव कम फ्रॉम सो फार.' मी मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणायला लागले.

"कम," आई म्हणाली.

आणि थांबली. पुढचं काही येईना. विहीणबाईंनी मान खाली घातली आणि आत आल्या. मागून वडिलांनी उत्साहाने भर घातली, "गुड! सिट!"

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा आई गॅसजवळ पाट ओढून बसली होती. "सगळं गेलं बग," ती म्हणाली. "कम म्हनली मी तिला. कुत्र्याला म्हनत्यात तसं. आता ती लेकीला घिऊन जाईल आन् परत धाडायची न्हाई."

"काहीतरीच बोलू नको," मी म्हटलं. "पाठ केलंस म्हणून गेलं. पाठ करू नको म्हणून घसा फोडून सांगत होते." मी अजूनही बरंच बोलले असते. मला राग आला की मी शिक्षिका होते. पण आईने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बाहेर पाट मांडले होते, पाहुणे भुकेले होते, तवा तापला होता. तिने भाकरी थापायला घेतली.

जेवणात घेवड्याची आमटी, भरलं वांगं, दही, ठेचा आणि चुलीवरची नसली तरी तव्यावरून उतरलेली गरम भाकरी. आई भाकरी घेऊन बाहेर आली आणि विहीणबाईंच्या ताटासमोर वाकली.

"नो, नो, इनफ," विहीणबाई म्हणाल्या.

आता आमच्या घरात कोणी नको म्हटलं की आईला पुढचं सुचावं लागत नाही. ते आपोआप येतं. हातात गरम भाकरी होती, समोर नको म्हणणारं माणूस होतं.

"प्लीज ईट," आई म्हणाली.

"नो, इनफ."

"प्लीज ईट वन मोर भाकरी."

विहीणबाईंनी वर पाहिलं. "स्टमक फुल," त्या म्हणाल्या.

"प्लीज ईट वन मोर स्मॉल हॉट भाकरी विथ लोणी."

विहीणबाईंनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. आमच्याकडे याचा अर्थ अजून एकदा विचारा असा होतो.

"प्लीज ईट वन मोर स्मॉल हॉट भाकरी विथ लोणी, बिकॉज यू केम ऑल नाइट इन द ट्रेन, अँड आय मेड इट विथ माय हँड ओन्ली फॉर यू, अँड इफ यू नॉट ईट, आय ऑल्सो नॉट ईट!"

भावजय तोंडावर हात ठेवून बसली होती. वाक्याचं व्याकरण शेवटी जरा घसरलं होतं, पण माझ्या लाल पेनाची शप्पथ, मला तेव्हा ते दिसलंच नाही. विहीणबाई आधी गालात हसल्या, मग मोकळ्या हसल्या, आणि ताटावरचे हात उचलले. आईने भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि परत जायला वळून पुन्हा आली. "हाफ मोर?"

त्यानंतर आईला कोणी थांबवू शकलं नाही. दुसऱ्या दिवशी भावजयीला हिरवी साडी नेसवली, बायका जमल्या, ओटी भरली, आणि या सगळ्यात आई विहीणबाईंच्या कानाशी. कोण बाई कोणाची कोण, कोणाचा मुलगा पाचगणीच्या शाळेत शिकतो, कोणाच्या सुनेने सासूला कसं सरळ केलं, सगळं इंग्रजीत. क्रियापदं वाट्टेल तिथे पडत होती. दुपारी दोघी पडवीत घेवडा सोलत बसल्या. विहीणबाईंनीही पदर खोचून शेंगा घेतल्या होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या, "व्हाय?" "देन व्हॉट?" एवढंच आईला हवं होतं. मातीची गोष्ट आली तेव्हा भाऊ उठून बाहेर गेला. एका ठिकाणी आईने काळाचा इतका घोटाळा केला की मला राहवेना. मी चूक सांगायला उठले, तर भावजयीने माझा हात धरला. "ताई, राहू द्या," ती म्हणाली. ती त्या दोघींकडेच बघत होती. पलीकडे वडील आणि व्याही खुर्च्या टाकून बसले होते. "गुड एअर," व्याही म्हणाले. "व्हेरी," वडील म्हणाले. दोघेही समाधानी दिसत होते.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी राहून बराच वेळ झाला. आईने विहीणबाईंची ओटी भरली, लेकीला काय खायला द्यायचं आणि काय नाही ते सांगितलं, ते त्यांना माहीत असणार असंही सांगितलं, तरी पुन्हा सांगितलं. वडील घड्याळ बघून म्हणाले, "ओव्हर." कोणी ऐकलं नाही. "ओव्हर अँड आउट," ते म्हणाले आणि स्वतःच गाडीचं दार लावलं. गाडी हलली तरी आई खिडकीबरोबर चालत होती आणि बोलत होती. 'गो' हा शब्द तिने एकदाही वापरला नाही.

मिरजेच्या फलाटावर मी सामान लावून दिलं. भाऊ व्याह्यांबरोबर पाणी आणायला गेला होता, भावजय बाकावर टेकली होती. विहीणबाई माझ्याजवळ आल्या आणि शब्द जुळवत म्हणाल्या, "युवर मदर... ऑल्वेज टॉकिंग लाइक दिस?"

मला वाटलं, बाई वैतागल्या. मी म्हटलं, "येस. ऑल्वेज. सॉरी."

"नो, नो सॉरी." त्यांनी माझा दंड धरला. "इन अवर हाउस ऑल्सो, माय डॉटर, फुल डे टॉकिंग. आय वॉज थिंकिंग, देअर, हू विल टॉक टू हर?" मग लेकीकडे बघत म्हणाल्या, "टुडे आय विल स्लीप. इन ट्रेन. गुड स्लीप."

गाडी सुटल्यावर मी तिथूनच आईला फोन लावला. म्हटलं, विहीणबाई विचारत होत्या, तुमची आई नेहमीच एवढी बोलते का. आणि म्हणाल्या, आज मला झोप लागेल.

पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं. माझ्या आयुष्यात मी आईला फोनवर गप्प ऐकलेलं नव्हतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ ओरडा.

"नुस्तं म्हनाल्या, आसं काय सांगतीस? नीट सांग की! कुठं हुब्या हुत्या? गाडीत बसायच्या आदी म्हनाल्या का बसल्यावर? हसत म्हनाल्या का? तुजा हात धरला हुता का? आन् मी काय बोलली म्हनून त्यास्नी आसं वाटलं, ते न्हाई सांगितलं?"

फलाट रिकामा होत आला होता. मी बाकावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.